ज्योतीचे माप

वणीहून राजूरला जाणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत दोन वस्तू भरतात. एक पांढरी आणि एक काळी. पांढरी म्हणजे तेथील भट्ट्यांचा चुना, आणि काळी म्हणजे खाणीचा कोळसा. एका गावाच्या पोटात या दोन्ही वस्तू निघाव्यात हा भूगर्भाचा योगायोग आहे. वर्धा खोऱ्यातील कोळशावर भूगर्भ खात्याच्या ह्यूज या अधिकाऱ्याचा प्रबंध १८७७ साली प्रसिद्ध झाला. त्या वेळी आपला जिल्हा यवतमाळचा नव्हता, वणीच्या नावाने ओळखला जात असे. यवतमाळ हे नाव त्याला १९०५ साली मिळाले. राजूरचा चुना घरांच्या भिंतींना गेला, कोळसा आगगाडीत बसून दूरदूर गेला, आणि १९७३ साली खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. ही कथा आपणांपैकी पुष्कळांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे, तेव्हा ती येथे उगाळीत बसत नाही.

मला सांगावयाचे आहे ते निराळेच. चुना आणि कोळसा या दोन वस्तू एकत्र करून विजेच्या भट्टीत सुमारे दोन हजार अंशांवर तापविल्या, तर त्यांतून एक तिसरीच वस्तू निघते. दिसायला राखट, दगडासारखी, आणि पाणी लागताच फसफसणारी. तिचे नाव कॅल्शियम कार्बाइड. राजुरात कार्बाइड होत असे असे माझे म्हणणे नाही. त्याला चांगला कोक लागतो, आणि आपल्या खोऱ्यातील कोळशाचा तसा कोक होत नाही. परंतु गॅसच्या वेल्डिंगचा इतिहास ज्या दोन ढिगांपासून सुरू होतो, ते दोन्ही ढीग ज्या गावात शेजारी शेजारी पडलेले आहेत, त्या गावाच्या निमित्ताने हा इतिहास सांगण्यात काही औचित्य आहे, असे मला वाटते.

कार्बाइडचा व्यापारी जन्म चुकून झाला. अमेरिकेत उत्तर कॅरोलिनातील स्प्रे नावाच्या गावी टॉमस विल्सन हा गृहस्थ विजेच्या भट्टीत ॲल्युमिनियम काढण्याच्या खटपटीत होता. त्यासाठी कॅल्शियम धातू हाती यावा म्हणून त्याने चुना आणि डांबर एकत्र तापविले. निघालेला काळपट गोळा काही कामाचा दिसेना, म्हणून तो पाण्यात टाकला. तो त्यातून भसाभस वायू निघू लागला आणि तो वायू धुराच्या लोटासह पेटला. ही गोष्ट १८९२ सालच्या मे महिन्यातील. त्याच वर्षी फ्रान्समध्ये म्वासाँ यानेही आपल्या भट्टीत कार्बाइड केले. वास्तविक कार्बाइडपासून हा वायू निघतो हे व्होलर या जर्मन रसायनज्ञाने तीस वर्षे आधीच दाखविले होते; पण प्रयोगशाळेतील चिमूटभर वस्तू आणि पिपे भरभरून विकता येणारी वस्तू यांत फार अंतर असते.

आपल्याकडे कार्बाइड म्हटले की गृहिणींना आंबे आठवतात. फळे पिकविण्यासाठी त्याचा वापर करण्यास कायद्याने बंदी आहे आणि ती योग्यच आहे. ज्यांचे वय झाले आहे त्यांना जत्रेतील आणि वरातीतील कार्बाइडचे दिवे आठवतील. त्यांचा तो लसणासारखा उग्र वास एकदा नाकात बसला की जन्मभर विसरत नाही. त्या दिव्यात जळणारा वायू आणि वेल्डिंगच्या दुकानात जळणारा वायू एकच, ॲसिटिलीन. शुद्ध कार्बाइडच्या एका किलोपासून सुमारे साडेतीनशे लिटर आणि बाजारी मालापासून तीनशेच्या आतबाहेर वायू निघतो. आणि मागे काय उरते? चुनाच. विझविलेला पांढराशुभ्र चुना. रस्त्याकडेच्या दुकानातील टाकी धुतली म्हणजे जो पांढरा गाळ निघे तो लोक भिंतींना फासावयास नेत. भट्टीतून निघालेला चुना एवढा प्रवास करून पुन्हा चुना होऊन भिंतीवर येतो. मधल्या प्रवासात त्याने लोखंड वितळविलेले असते.

या वायूचा पहिला शोध मात्र विल्सनच्याही आधी अर्धशतक मागे जातो, आणि तेथे खाणीवाल्यांच्या ओळखीचे एक नाव भेटते. १८३६ साली एडमंड डेव्ही याने पोटॅशियम तयार करताना उरलेल्या काळ्या अवशेषावर पाणी टाकले आणि त्यातून निघालेल्या वायूची नोंद केली. हा एडमंड म्हणजे सर हंफ्री डेव्हीचा चुलत भाऊ, आणि काही काळ त्याचा साहाय्यकही. हंफ्री डेव्हीने १८१५ साली कोळशाच्या खाणीसाठी बारीक जाळीचा सुरक्षा दीप काढला. एका भावाच्या दिव्याने खाणीतील आग जाळीच्या आत कोंडली आणि दुसऱ्या भावाच्या वायूने पुढे पोलाद वितळविणारी आग तयार झाली. एकाच घराण्यातील ही दोन टोके पाहून मौज वाटते.

पण मौजेपुरतीच ही गोष्ट मी सांगत नाही. सुरक्षा दीप हा केवळ उजेडाचा दिवा नव्हता. तो वाचावयाचा दिवा होता. खाणीत ज्वालाग्राही वायू असेल तर बारीक केलेल्या वातीच्या ज्योतीवर एक फिकट निळसर टोपी दिसू लागते. जसजसे वायूचे प्रमाण वाढते तसतशी टोपी उंच होते. अनुभवी माणूस टोपीच्या उंचीवरून शेकडा एक, सव्वा, दोन असा अंदाज बांधी. शंभर भाग हवेत सव्वा भाग वायू झाला की माणसे बाहेर काढावीत असा आपल्याकडील खाणींचा नियम आहे. आणि पाच भागांच्या पुढे स्फोटाचा प्रदेश सुरू होतो. म्हणजे एका बोटाएवढ्या ज्योतीच्या रंगावर आणि उंचीवर शेकडो माणसांचे जीव अवलंबून असत. आता हे काम मोजणारी यंत्रे करतात. तथापि ज्योत ही वाचता येते, तिला अक्षरे असतात, हे खाणीच्या गावाला कोणी नव्याने शिकवावयास नको.

वेल्डिंगची ज्योत हीदेखील अशीच वाचावयाची ज्योत आहे.

१८९५ साली ल शातलिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने असे दाखविले की, ॲसिटिलीन आणि ऑक्सिजन समभागात मिसळून जाळले असता त्या वेळी ठाऊक असलेल्या कोणत्याही वायूच्या ज्योतीपेक्षा अधिक उष्ण ज्योत मिळते. त्याच्या म्हणण्याप्रमाणे हायड्रोजनच्या ज्योतीपेक्षा सुमारे हजार अंशांनी अधिक, प्रत्यक्षात फरक त्याहून पुष्कळ कमी. आज आपण तिचे तापमान सुमारे तीन हजार शंभर अंश धरतो. पोलाद पंधराशेच्या आसपास वितळते, हे ध्यानात घेतले म्हणजे या ज्योतीच्या हाती केवढी शक्ती आली ते कळेल. त्याच वर्षी जर्मनीत लिंड्याने हवा द्रवरूप करण्याचे यंत्र सिद्ध केले, आणि त्यातूनच काही वर्षांत ऑक्सिजन स्वस्त झाला. मग विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत पिकार आणि फूशे या फ्रेंच मंडळींनी दोन्ही वायू एकत्र आणून जाळणारी, हातात धरता येणारी टॉर्च तयार केली.

मध्ये एक अडचण होती. ॲसिटिलीन हा स्वभावाने तापट वायू आहे. नुसता दाबून टाकीत भरला तर हवा नसतानाही स्वतःच फुटतो. म्हणून नळीत त्याचा दाब एका वातावरणापलीकडे नेऊ नये असा आजही दंडक आहे. १८९७ च्या सुमारास क्लोद आणि हेस यांनी तो ॲसिटोन या द्रवात विरघळवून ठेवण्याची युक्ती काढली. पुढे स्वीडनच्या दालेन याने टाकीत भरावयाचा सच्छिद्र मसाला सुधारला. १९१२ साली टाक्यांचे प्रयोग करताना स्फोट होऊन या दालेनचे दोन्ही डोळे गेले, आणि त्याच वर्षी दीपगृहांच्या स्वयंचलित दिव्यांबद्दल त्याला पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते घ्यावयाला त्याचा भाऊ गेला. तो नेत्रवैद्य होता. दुकानाबाहेर उभी असलेली ती तपकिरी लाल टाकी पाहिली की मला या गोष्टीची आठवण होते. काळी टाकी ऑक्सिजनची; आणि ॲसिटिलीनच्या टाकीचे आटे उलटे, डावे असतात, ते चुकूनही अदलाबदल होऊ नये म्हणून.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. वेल्डिंगच्या दुकानात गेलेल्या कोणाही सुशिक्षित माणसाला विचारा, जाड लोखंड जोडावयाचे तर काय करावे? तो म्हणेल, ज्योत अधिक गरम करावी. आणि ती गरम कशी करावी? तर मोठी करावी. ही समजूत इतकी स्वाभाविक आहे की तिच्यात चूक असेल असे मनातही येत नाही. परंतु ती साफ चूक आहे. शिवणाच्या सुईएवढ्या छिद्रातून निघणारी ज्योत आणि पेन्सिलीच्या शिशाएवढ्या छिद्रातून निघणारी ज्योत, दोन्ही वायूंचे प्रमाण सारखे असेल तर, तापमानाने सारख्याच. फरक आहे तो उष्णतेच्या राशीत. उकळत्या पाण्याची वाटी आणि उकळत्या पाण्याचा हंडा यांचे तापमान एकच. पण वाटीने स्नान होत नाही.

आमच्या सोनारांना हे केव्हाचे ठाऊक होते. फुंकणीच्या टोकाचे छिद्र त्यांनी बारीक ठेवले ते उगीच नव्हे; नथीच्या तारेला डाग द्यावयाचा तर सबंध नथ वितळता कामा नये. ज्योतीचे टोक हवे तेथे, हवे तेवढेच. लोहाराला भाता आणि सोनाराला फुंकणी, हे जे कामाचे वाटप होते, तेच टॉर्चच्या टोकाला बसवावयाच्या तांब्याच्या तोटीत आले. कारागीर तिला नोझल म्हणतात. टॉर्च एकच, पत्रा बदलला की नोझल बदलावयाचे.

या नोझलवर एक आकडा कोरलेला असतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील मुले तो कोष्टक म्हणून पाठ करतात: १, २, ३, ५, ७, १०, १३, १८, २५. मी हे आकडे प्रथम ऐकले तेव्हा चक्रावलो. चार का नाही? सहा कोठे गेला? दहानंतर एकदम तेरा का? मिलिमीटर म्हणावे तर पंचवीस मिलिमीटरचे छिद्र म्हणजे पाण्याचा नळच झाला. पुष्कळ दिवसांनी उलगडा झाला. हे छिद्राचे माप नव्हेच. हे इंग्रजी पद्धतीचे आकडे आहेत, आणि त्यांचा अर्थ आहे, एका तासात प्रत्येक वायूचे इतके घनफूट. दहा क्रमांकाचे नोझल तासाला दहा घनफूट, म्हणजे सुमारे दोनशे त्र्याऐंशी लिटर ॲसिटिलीन आणि जवळपास तितकाच ऑक्सिजन जाळते. एक मिलिमीटरच्या आतल्या पत्र्याला एक क्रमांक, तीन मिलिमीटरच्या आसपास पाच किंवा सात, पाच मिलिमीटरला तेरा. फ्रेंचांनी आपल्या नोझलवर लिटर कोरले आणि साधा हिशेब ठेवला, पोलादाच्या जाडीच्या दर मिलिमीटरला तासाला शंभर लिटर. अमेरिकेतील कारखानदारांनी तर प्रत्येकाने आपापले अनुक्रमांक दिले. त्यामुळे एका कंपनीचे पाच आणि दुसऱ्या कंपनीचे पाच यांचा एकमेकांशी काही संबंध असेलच असे नाही. आपल्याकडे १९३५ साली कलकत्त्यास जी ऑक्सिजन कंपनी निघाली ती इंग्रजी कंपनीची शाखा होती. तिच्याबरोबर घनफुटांचे आकडे आले, आणि देशात मीटर-लिटर येऊन कित्येक वर्षे लोटली तरी ते नोझलवर तसेच राहिले. पायली-शेर गेले, पण हा घनफूट गेला नाही. कारण तो घनफूट आहे हेच कोणाला ठाऊक नाही.

आता तांब्याचे पाहा. तांबे पोलादाच्या मानाने पुष्कळच लवकर, एक हजार त्र्याऐंशी अंशांवर वितळते. तर मग त्याला लहान नोझल पुरावे. प्रत्यक्षात मोठे लागते. कारण तांबे उष्णता धरून ठेवीत नाही. इकडून दिली की तिकडे वाटून टाकते. दात्याच्या घरी जसे धान्य ठरत नाही तसे. म्हणून नोझल निवडताना केवळ जाडी पाहून भागत नाही, धातूचा स्वभावही पाहावा लागतो.

नोझल निवडले, तरी दाब राहिलाच. तोटीतून वायू बाहेर येण्याचा एक वेग असतो आणि ज्योत मागे सरकू पाहण्याचा एक वेग असतो. या दोघांची टोकाशी बरोबरी होते म्हणून ज्योत तेथे उभी राहते. मोठे नोझल लावले आणि दाब कमी ठेवला की वायूचा वेग कमी पडतो, ज्योत तोटीत शिरते आणि पटकन आवाज होतो. कारागीर म्हणतो, "फट् झाले", आणि हसून पुन्हा पेटवितो. पण हीच ज्योत कधी तेथे न थांबता नळीतून टाकीकडे धावते. मग हसावयाला कोणी उरत नाही. उलट, लहान नोझलमधून जोराने वायू सोडला तर ज्योत टोकापासून सुटून पुढे पळते किंवा वितळलेला रस फुंकून टाकते. लहान नोझल लावून दाबाने मोठ्याचे काम करवावयाचे, ही घाईच्या माणसाची नित्याची चूक. पैसे वाचले असे वाटते. भोक मात्र पत्र्याला पडते.

आणि मग ती वेळ येते, जेथे आकडा संपतो आणि डोळा सुरू होतो. आधी ॲसिटिलीन थोडा सोडून पेटवितात. पिवळी, काजळी टाकणारी ज्योत. काजळीच्या चिंध्या हवेत तरंगतात. वायू वाढविला की धूर जातो. मग ऑक्सिजनची चावी हळूहळू उघडावयाची. पिवळेपणा ओसरतो, आणि तोटीच्या तोंडाशी एक पांढराशुभ्र, कळीसारखा शंकू दिसू लागतो. त्याच्याभोवती फिकट पिसारा असतो. ऑक्सिजन वाढवीत गेले की पिसारा आखूड होत होत कळीत मिळून जातो. ज्या क्षणी तो मिळाला, त्या क्षणी हात थांबला पाहिजे. ही समज्योत. कळीच्या पुढे दोन-तीन मिलिमीटरवर तिचा सर्वांत उष्ण भाग असतो. आणि तेथील वायू, ल शातलिएने दाखविल्याप्रमाणे, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन असल्यामुळे वितळलेल्या धातूला हवेपासून झाकून ठेवतो. ज्योत तापवितेही आणि पांघरूणही घालते.

हात लवकर थांबला तर पिसारा राहतो. म्हणजे ॲसिटिलीन जास्त, आणि त्यातील कार्बन वितळलेल्या पोलादात शिरतो. रस उकळल्यासारखा, गढूळ दिसतो, आणि सांधा थंड झाल्यावर कडक पण ठिसूळ होतो. हात उशिरा थांबला तर कळी आखूड आणि टोकदार होते, किंचित जांभळी होते, आणि ज्योत फूत्कारू लागते. ठिणग्या उडतात, लोखंड जळते, आणि सांध्यात गंजासारखा मळ अडकतो. पितळेला मात्र हीच फूत्कारणारी ज्योत मानवते. पितळेतील जस्त लवकर उडून जाते, त्याचा पांढरा धूर कारागिराच्या छातीत जाऊन रात्री ताप भरतो. ऑक्सिजन थोडा जास्त ठेवला म्हणजे रसावर एक साय धरते आणि जस्त खालीच राहते. एका धातूचा दोष तो दुसऱ्याचा गुण.

येथे मला जे म्हणावयाचे आहे ते असे. पिसाऱ्याच्या ज्योतीने केलेला सांधा आणि समज्योतीने केलेला सांधा, घासून रंग दिल्यावर गिऱ्हाइकाला सारखेच दिसतात. सायकलीचा सांगाडा, पाण्याचा नळ, बंडीचा आस, जिन्याचा कठडा. तुटतो तेव्हा आपण म्हणतो, लोखंड हलके होते. लोखंडाचा पुष्कळदा काही दोष नसतो. ज्या दिवशी तो सांधा झाला त्या दिवशी, एका चावीच्या पाव फेऱ्यावर, कोणाचा तरी हात अर्धा क्षण आधी किंवा नंतर थांबला होता. त्याचा कोठे लेख नसतो आणि साक्षीदार एकच, तो हात.

हे ज्ञान द्यावयाचे कसे, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा. माझ्या लहानपणी आमच्या शेजारी एक मिस्त्री होता. पोरे हाताखाली घेई, पण चावीला हात लावू देत नसे. दोन दोन वर्षे पोरगा सळ्या देण्यात आणि पाणी भरण्यात घालवी. मी एकदा त्याला विचारले, "दादा, पोराला सांगत का नाही?" तो म्हणाला, "सांगण्यासारखं काय आहे? पाहावं." यात अर्धे खरे होते आणि अर्धे पोटाचे भय होते. शिकला की समोरच दुकान घालील! १९५० साली कारागीर प्रशिक्षणाची सरकारी योजना सुरू झाली, वेल्डर हा तिचा एक अभ्यासक्रम झाला, आणि मिस्त्रीच्या मुठीतील विद्या फळ्यावर आली. तीन ज्योतींची चित्रे रंगीत खडूने काढता येऊ लागली. हा लहान बदल नव्हे. परंतु खडूच्या चित्रातील कळी हलत नाही, आणि टॉर्चच्या तोंडाची कळी सतत हलते. टाकी रिकामी होत आली की दाब पडतो. नोझल तापले की मिश्रण बदलते. दुपारी नीट असलेली ज्योत चार वाजता पिसारा काढते. म्हणून फळ्यापुढे दोन महिने बसलेल्या मुलालाही शेवटी मिस्त्रीचेच वाक्य ऐकावे लागते: पाहावं.

आज पोलाद जोडण्याचे बहुतेक काम विजेच्या वेल्डिंगने होते. गॅसची टॉर्च मुख्यतः कापण्यासाठी, पातळ पत्र्यासाठी, शीतयंत्रांच्या तांब्याच्या नळ्यांना डाग देण्यासाठी उरली आहे. कोळशाच्या खाणीत जमिनीखाली तर उघडी ज्योत परवानगी आणि बंदोबस्ताशिवाय नेताच येत नाही. तेथील मोडतोड शक्य तो वर कार्यशाळेत आणून दुरुस्त करावी लागते. त्यामुळे नोझलच्या आकड्यांची चौकशी करणारे थोडे, आणि त्यांचा अर्थ सांगणारे त्याहून थोडे राहिले आहेत.

त्या आकड्याविषयी एक गोष्ट सांगावयाची राहिली. नोझलच्या छिद्रात काजळी आणि धातूचे शिंतोडे बसतात. ते काढावयाला नेमक्या जाडीच्या सुयांचा जुडगा मिळतो. पण जुडगा हरवतो, आणि मग हाती लागेल ती तार घालून भोक साफ होते. असे शंभर वेळा झाले की तांबे झिजते, छिद्र रुंदावते, कडेला लंबगोल होते. तोटीवर आकडा पाचच राहतो, वायू मात्र सातचा जातो. जाणता कारागीर अशा वेळी आकडा वाचीत नाही. तो टॉर्च पेटवितो, ज्योत डोळ्यांच्या रेषेत आडवी धरतो आणि कळीची कड पाहतो. कड रेखीव आणि दोन्ही बाजूंना सारखी असेल तर नोझल ठेवतो. एका बाजूला कललेली दिसली तर चाव्या बंद करतो, आधी ॲसिटिलीनची, मग ऑक्सिजनची, आणि नोझल उतरवून बाजूला टाकतो.